क्वेकरांच्या जमाखर्चाच्या वह्या

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ज्ञातीचा पूर्वेतिहास, शिक्षणाची प्रगती, विवाहाचे प्रश्न या विषयांवर आमच्यापेक्षा अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून वेळोवेळी भाषणे केली आहेत. म्हणून आम्ही जरा दूरचा विषय निवडला. इंग्लंड आणि अमेरिकेतील क्वेकर नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथातील कुटुंबांनी व व्यापाऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या, हा तो विषय. कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव वाचून कित्येकांनी आम्हांस हसत विचारले, "परक्यांच्या चोपड्यांशी आपणांस काय करावयाचे आहे?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्यापैकी अनेकांच्या घरी व दुकानी वहीची पूजा होते. कोऱ्या वहीवर कुंकवाने 'श्री' काढतात, फूल वाहतात, पेढा ठेवतात. जुनी वही मात्र माळ्यावर जाते, आणि एकदोन पिढ्यांनी घर बदलण्याची वेळ आली की रद्दीच्या गाडीवर चढते. आपण वहीची पूजा करतो, परंतु ती वाचत नाही. ज्या पंथाविषयी आज बोलावयाचे आहे त्यात पूजा नाही, मूर्ती नाही, पुरोहितही नाही. पण जमाखर्च स्वच्छ ठेवणे हे त्या लोकांनी धर्मकर्तव्य मानले, आणि त्या वह्या जतनही केल्या. त्यांतून काय दिसते ते आपणांसमोर मांडतो.

प्रथम या लोकांची थोडी ओळख. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांच्यात युद्ध होऊन सारा देश ढवळून निघाला होता. त्या काळात जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) नावाचा एका विणकराचा मुलगा गावोगाव सांगत फिरू लागला की ईश्वराचा प्रकाश प्रत्येक मनुष्याच्या अंतरी आहे. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. त्याच्या अनुयायांनी स्वतःस 'मित्र' म्हणवून घेतले. लोकांनी थट्टेने त्यांस 'क्वेकर' म्हणजे 'कापणारे' असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. हे लोक शपथ घेत नसत. सत्य नेहमीच बोलावयाचे असेल तर शपथेच्या वेळी ते निराळे कशाला बोलावयाचे, असा त्यांचा सवाल असे. न्यायाधीशासमोर ते टोपी काढीत नसत, आणि राजा असो वा चाकर, सर्वांस एकेरीच संबोधीत. चर्चला द्यावयाचा दशमांश ते नाकारीत, शस्त्र हाती घेत नसत.

याचा परिणाम असा झाला की सरकारी अधिकाराच्या जागा, वकिली आणि सैन्य ही सर्व दारे त्यांस बंद झाली. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्या तर त्यांस १८५० नंतरच मिळू शकल्या. उरला तो धंदा. कापड, किराणा, लोखंड, धान्य आणि पुढे पेढ्या व चॉकलेटचे कारखाने यांत ते शिरले. बर्मिंगहॅमचे कॅडबरी, ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राउंट्री ही घराणी याच पंथातली. बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांची नावेही क्वेकर घराण्यांचीच आहेत. संख्येने मूठभर असलेल्या या समाजाने व्यापारात एवढी पत कशी मिळविली, याचे उत्तर त्यांच्या वह्यांत सापडते.

या वह्या उघडताना प्रारंभीच एक अडचण येते. क्वेकर वारांची व महिन्यांची प्रचलित नावे लिहीत नसत, कारण ती जुन्या देवदेवतांवरून पडलेली आहेत. त्यांच्या वहीत 'पहिला महिना', 'दुसरा महिना' असेच लिहिलेले आढळते. शिवाय १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जुन्या वहीतील पहिला महिना म्हणजे मार्च, जानेवारी नव्हे. चैत्रापासून वर्ष धरणाऱ्या आणि कार्तिकात वही बदलणाऱ्या आपल्या लोकांस ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊ नये. हिशेब पौंड, शिलिंग व पेन्स यांत असतो. बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. रुपये-आणे-पैचा हिशेब ज्यांनी १९५७ पूर्वी केला असेल, किंवा वडिलांच्या वह्यांत पाहिला असेल, त्यांस ही बेरीज परकी वाटणार नाही.

या वह्यांपैकी एक प्रसिद्ध वही एका तरुणीने लिहिलेली आहे. इंग्लंडच्या वायव्येस अल्व्हरस्टन गावाजवळ स्वार्थमूर हॉल नावाचा एक वाडा आहे. तेथील न्यायाधीश टॉमस फेल यांची पत्नी मार्गारेट हिने फॉक्सचा उपदेश स्वीकारला, आणि तो वाडा या पंथाचे जणू माहेरघर झाला. पती १६५८ साली निवर्तल्यावर पुढे १६६९ मध्ये मार्गारेटने फॉक्सशीच विवाह केला. पण संसार कसला! कधी ती तुरुंगात, कधी तो. १६७३ च्या अखेरीस फॉक्स पुन्हा पकडला गेला आणि १६७५ पर्यंत बंदीत राहिला. अशा दिवसांत वाडा, शेती आणि लोखंडाची एक भट्टी यांचा कारभार मार्गारेटची मुलगी सारा फेल हिच्याकडे होता. तिने १६७३ ते १६७८ या वर्षांत लिहिलेली घरखर्चाची वही केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९२० साली छापून प्रसिद्ध केली.

या वहीत उपदेशाची एक ओळ नाही. रोजची देवघेव आहे, मजुरी आहे, बाजारहाट आहे, पत्रांचा खर्च आहे, उसने दिलेले व परत आलेले पैसे आहेत. आईचा खर्च, बहिणींचा खर्च ज्याच्या त्याच्या नावे टाकलेला आहे; एकाच छपराखाली राहणाऱ्यांनीही पैशाची सरमिसळ होऊ दिलेली नाही. सारा ही त्या भागातील क्वेकर स्त्रियांच्या मासिक सभेची चिटणीसही होती. गरीब बायांना मदत करण्यासाठी त्या सभेकडे जमणारा पैसाही तिच्या हातून जाई. संस्थेचा पैसा व घरचा पैसा एकाच हाती असला की काय होते हे येथे बसलेल्या कोणासही सांगावयास नको. साराच्या वहीत संस्थेचा पैसा संस्थेचा म्हणूनच लिहिलेला दिसतो.

त्याच वहीत दुसरीही एक गोष्ट नोंदलेली आहे. शेतावर राबणाऱ्या बायांची रोजची मजुरी तेथे एका पेनीच्या घरात दिसते. पुरुषांस त्याहून अधिक मिळे. स्त्रियांस सभेत बोलण्याचा अधिकार आहे असे प्रतिपादन करणारी पुस्तिका मार्गारेट फेलने १६६६ सालीच प्रसिद्ध केली होती, आणि तिच्याच शेतावर बाईच्या हातावर एक पेनी पडत होती. साराने ती पेनी लपविली नाही, लिहून ठेवली. म्हणूनच आज आपण तिला प्रश्न विचारू शकतो. खऱ्या वहीचा गुण हाच, की ती लिहिणाऱ्याच्या बाजूने साक्ष देते तशीच त्याच्या विरुद्धही देते.

या समाजाने आपल्या दुःखाचाही जमाखर्च ठेवला. दशमांश न दिल्याबद्दल किंवा सभा भरविल्याबद्दल सरकारी माणसे क्वेकरांच्या घरी जप्ती आणीत. गाय नेत, भांडी नेत, कापडाचे गठ्ठे नेत, आणि पुष्कळदा मागणीपेक्षा जास्त किमतीचा माल उचलीत. प्रत्येक ठिकाणच्या सभेने हे लिहून ठेवावे असा नियम झाला. कोणाकडे किती मागणी होती, काय नेले, त्याची किंमत किती, हे सर्व लिहून लंडनला पाठवावयाचे. या कामासाठी तेथे १६७० नंतरच्या दशकात एक स्वतंत्र समितीच स्थापन झाली. या नोंदींतून जुळविलेला मोठा ग्रंथ जोसेफ बेसी याने १७५३ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. अन्याय झाला म्हणून सभेत आक्रोश करणारे समाज पुष्कळ असतात. अन्यायाची पै न् पै, नाव व गाव घालून लिहिणारे थोडे. अशा लेखी नोंदी हाती घेऊनच क्वेकर पार्लमेंटकडे दाद मागत राहिले, आणि १६९६ साली शपथेऐवजी साधे प्रतिज्ञावचन चालावे असा कायदा झाला.

आता दुकानाकडे वळू. त्या काळी इंग्लंडातही दुकानदाराने दुप्पट सांगावे, गिऱ्हाइकाने निम्मे म्हणावे, आणि घासाघीस होऊन मध्ये कोठेतरी सौदा तुटावा, अशीच रीत होती. क्वेकरांनी ती सोडली. जो भाव घ्यावयाचा तोच सांगावयाचा. कारण आधी एक सांगून मग दुसरा घेणे म्हणजे खोटे बोलणे. फॉक्सने आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे की प्रथम प्रथम लोक या विचित्र माणसांच्या दुकानी फिरकेनात. पुढे अनुभव असा आला की लहान मूल पाठविले तरी मोठ्या माणसाइतकाच चोख माल व तोच भाव मिळतो. मग लोकच क्वेकर कापडवाला कोठे आहे, क्वेकर शिंपी कोठे आहे, असे विचारीत येऊ लागले.

परंतु हे सोपे नव्हते. लँकेस्टर गावी विल्यम स्टाउट (१६६५–१७५२) नावाचा लोखंडी सामानाचा व किराण्याचा एक क्वेकर दुकानदार होता. तो अविवाहित राहिला. बाजाराच्या दिवशी त्याची बहीण दुकानात मदतीस बसे. त्याने आपले आत्मचरित्र लिहून ठेवले आहे, आणि तेही वर्षावर्षाच्या ताळेबंदासारखेच आहे. आपण एकाच शब्दात भाव सांगत असू आणि ते पुष्कळांस आवडत नसे, असे तो स्पष्ट लिहितो. कारण पहिल्या भावातून काही कमी झाल्याखेरीज वस्तू स्वस्त पडली असे गिऱ्हाइकांस वाटतच नसे. आजही मंडईत उभे राहिले तर स्टाउटची अडचण समजते. तरीही त्याने आपली रीत सोडली नाही.

स्टाउटच्या लिखाणातून आणखी एक गोष्ट कळते. ज्या दुकानदाराच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली, त्याची पत एवढी होती की ज्यांच्याजवळ चार पैसे असत ते त्याच्याकडे ठेव म्हणून आणून देत. गावात बँक नव्हती. विश्वासाचे दुकान हीच बँक. पुढे कित्येक क्वेकर घराण्यांच्या पेढ्या निघाल्या त्यांच्या मुळाशी हाच विश्वास होता. लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवर १६९० साली जॉन फ्रीम व टॉमस गूल्ड या सोनारांनी चालविलेल्या पेढीतून बार्कलेज बँक वाढली. बर्मिंगहॅमचा लोखंडाचा व्यापारी सॅम्प्सन लॉइड याने जॉन टेलरच्या भागीदारीत १७६५ साली काढलेली पेढी म्हणजेच पुढची लॉइड्स बँक.

वहीचा उपयोग केवळ धन्यालाच होतो असे नाही. कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी या क्वेकर ओतकाऱ्याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळले, आणि त्यातून पुढील यंत्रयुगाचा मार्ग मोकळा झाला. ही घटना १७०९ सालची, हे ठरविताना इतिहासकारांस मुख्य आधार मिळाला तो त्याच्या कारखान्याच्या हिशेबवहीतील खर्चाचा. दगडी कोळसा भाजून त्याचा कोक करण्याची मजुरी तेथे खर्ची टाकलेली आहे. डार्बीच्या गुमास्त्याला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नसेल.

आता या विषयाच्या गाभ्याशी येतो. क्वेकरांची वही त्यांच्या एकट्याची नव्हती. त्यांच्या वार्षिक सभेचा उपदेश वारंवार असे की आपल्या भांडवलाबाहेर धंदा वाढवू नये, दुसऱ्याचा पैसा धोक्यात घालू नये, आणि वर्षातून एकदा तरी आपले हिशेब नीट तपासून आपण कोठे आहोत ते पाहावे. एखाद्याचे पाऊल घसरत आहे अशी शंका आली तर मासिक सभा दोन वडीलधारी माणसे नेमी. ती त्याच्या घरी जाऊन वही पाहत, समजावीत, मदतही करीत. आणि दिवाळे निघून घेणेकरी बुडाले तर सभा त्याचे सभासदत्व काढून घेई. त्याने उपासनेस येण्यास हरकत नसे. पण सभेच्या कामकाजात त्याला बसता येत नसे आणि त्याची वर्गणी घेतली जात नसे. लोकांचे देणे थकविणाऱ्याच्या पैशाने धर्मकार्य करावयाचे नाही, हा त्यांचा दंडक. कायद्याने त्याला कर्जातून मोकळे केले तरी पुढे चार पैसे मिळताच जुने देणे पुरे फेडणे हे त्याचे कर्तव्य मानले जाई.

हा नियम लहानांनाच लागू होता काय? एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५) हे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्री-कैद्यांसाठी तिने केलेल्या कार्याने ती साऱ्या युरोपात विख्यात झाली. तिचे माहेर नॉर्विचच्या गर्नी या श्रीमंत पेढीवाल्यांचे. १८२८ साली तिचे पती जोसेफ फ्राय यांची बँक बुडाली. माहेरच्या गर्नींनी बहिणीच्या संसारास आधार दिला, परंतु बँक वाचविली नाही. मोठे घर सोडून कुटुंब लहान घरात राहावयास गेले, आणि मासिक सभेने जोसेफ फ्राय यांचे सभासदत्व काढून घेतले. पत्नी जगद्वंद्य आहे म्हणून पतीच्या वहीकडे डोळेझाक झाली नाही. असा निर्णय देताना त्या सभेतील मंडळींस किती क्लेश झाले असतील याची कल्पना, ज्यांनी एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीत आप्ताविरुद्ध मत दिले असेल, त्यांनाच येईल.

परंतु पुढे काळ बदलला. ओव्हरेंड, गर्नी आणि कंपनी ही लंडनची हुंड्यांची मोठी पेढी याच गर्नी घराण्याच्या नावाने चाले. जुन्या, सावध माणसांच्या पश्चात तिने बुडीत धंद्यांत पैसे गुंतविले. १८६५ साली तिचे रूपांतर मर्यादित कंपनीत करून भाग विकण्यास काढण्यात आले, तेव्हा जुन्या बुडीत येण्यांविषयी एक स्वतंत्र करारपत्र करण्यात आले होते, आणि ते भाग घेणाऱ्यांपासून गुप्त ठेवण्यात आले. एक वर्ष गेले नाही तोच, मे १८६६ मध्ये, सुमारे एक कोटी दहा लाख पौंडांच्या देण्याखाली पेढीने दारे लावली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या पेढ्यांसमोर जी झुंबड उडाली ती 'काळा शुक्रवार' म्हणून इतिहासात नमूद आहे. तिची झळ हिंदुस्थानशी व्यवहार करणाऱ्या आग्रा अँड मास्टरमन्स बँकेलाही लागून पुढच्याच महिन्यात तिने व्यवहार थांबविले. अमेरिकेतील युद्ध संपून कापसाचे भाव उतरल्यामुळे मुंबईचा शेअरबाजार आदल्याच वर्षी, जुलै १८६५ मध्ये, कोसळला होता. त्या दुखण्यावर हा दुसरा घाव. संचालकांवर १८६९ साली खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. कायद्याने ते सुटले खरे. पण दोनशे वर्षांच्या सरळ वहीने मिळविलेली पत एका गुप्त कागदाने गमाविली.

या वह्यांत याहूनही गंभीर एक पान आहे, आणि ते उलटून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते पान गुलामांच्या व्यापाराचे. माणसात ईश्वराचा प्रकाश आहे म्हणणाऱ्या या लोकांपैकी कित्येकांनी अमेरिकेत व वेस्ट इंडीज बेटांत माणसे विकत घेतली, विकली, आणि त्यांची किंमत साखर व कापडाच्या शेजारी वहीत मांडली. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चार गृहस्थांनी १६८८ सालीच याविरुद्ध लेखी निषेध केला होता. समाजाने तो बाजूस ठेवला.

पुढे न्यू जर्सी प्रांतात माउंट हॉली गावी जॉन वूलमन (१७२०–१७७२) हा तरुण एका दुकानी हिशेबनीस म्हणून नोकरीस होता. एके दिवशी धन्याने त्याला एका निग्रो स्त्रीचे खरेदीखत लिहावयास सांगितले. घेणारा गृहस्थ समोर उभा होता. तोही वृद्ध क्वेकर. वूलमनने खत लिहिले, पण हे धर्माशी विसंगत आहे असे त्या दोघांसमोर बोलून दाखविले. तेवढ्याने त्याच्या मनाचे समाधान झाले नाही. आपण ते लिहावयास नको होते, ही टोचणी त्याच्या मनात राहिली. पुढे दुसऱ्याने तसाच कागद लिहावयास सांगितला तेव्हा त्याने नकार दिला. गुलाम वारसांस वाटून देणारी मृत्युपत्रेही त्याने लिहिली नाहीत. स्वतःचे दुकान भरभराटीस आले तेव्हा, व्याप वाढून मन गुंतते आणि गरीब लोक ऐपतीबाहेर उधारी करतात असे पाहून, त्याने १७५६ च्या सुमारास दुकानदारी सोडली आणि शिंपीकामावर व बागेवर निर्वाह केला. त्याच्या हिशेबाच्या वह्या आजही जतन केलेल्या आहेत.

वूलमनची आणखी एक नोंद आम्हांस फार थोर वाटते. एका मृत माणसाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहताना त्याने व दुसऱ्या एका गृहस्थाने मिळून एक निग्रो मुलगा तीस वर्षांचा होईपर्यंतच्या मुदतीने विकला होता. तेव्हा ते कोणास गैर वाटले नाही. पण एकविसाव्या वर्षीच जो मोकळा व्हावयास हवा त्याची नऊ वर्षे आपण विकली, हा विचार वूलमनला उतारवयात छळू लागला. त्याने हिशेब मांडला. दोघांनी मिळून विकलेल्या नऊ वर्षांपैकी साडेचार वर्षांचे ऋण आपल्याकडे लागते. मग त्याने स्वतःवर व आपल्या वारसांवर बंधनकारक असा रोखा लिहून दिला की तो तरुण हयात असल्यास त्याच्या शेवटच्या साडेचार वर्षांचा जो योग्य मोबदला ठरेल तो त्याच्या मालकास आपण देऊ. कोणी मागितले नव्हते, कायद्याने काही लागत नव्हते. जुनी वही उघडून त्याने स्वतःच आपल्या नावे बाकी काढली.

अशा माणसांमुळे फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ साली गुलाम घेणाऱ्या-विकणाऱ्या सभासदांस कामकाजातून दूर केले, आणि १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्यास समाजात स्थान नाही असे ठरविले. लंडनच्या डेव्हिड बार्कलेला कर्जाच्या वसुलीपोटी जमेकातील एक मळा मिळाला, त्याबरोबर तीसेक गुलामही आले. त्याने त्यांस मुक्त करून १७९५ साली फिलाडेल्फियास पाठविले आणि त्या सर्व व्यवहाराचा वृत्तांत १८०१ साली छापून प्रसिद्ध केला. ज्या वहीने पाप नोंदले त्याच वहीने प्रायश्चित्ताचा मार्ग दाखविला. वह्या जाळल्या असत्या तर पापही दिसले नसते आणि प्रायश्चित्तही झाले नसते.

ज्ञातिबंधूंनो, या समाजाचे सारेच अनुकरणीय होते असे आम्ही म्हणत नाही. समाजाबाहेर विवाह करणाऱ्यास ते १८६० च्या सुमारापर्यंत सभासदत्वातून काढीत. त्यामुळे कर्तबगार तरुण-तरुणी दुरावत गेल्या आणि समाज रोडावला, असे त्यांच्यातीलच जॉन स्टीफन्सन राउंट्री याने १८५९ साली निबंध लिहून दाखवून दिले. त्यानंतर त्यांनी तो नियम बदलला. आपणांसही वाळीत टाकण्याचा इतिहास आहे, आणि महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उगाच नव्हे. दिवाळखोराची वही तपासणे व प्रेमविवाह करणाऱ्यास घराबाहेर काढणे या दोन गोष्टी एकाच शिस्तीत बसविल्या की शिस्त क्रूर होते. समाजाने कोणाच्या संसारात डोकवावे हे सांगण्यास आम्ही उभे नाही. पण समाजाच्या नावावर ज्याला पत मिळते, त्याच्या व्यवहाराचे समाजास काहीच सोयरसुतक नसावे, हेही आम्हांस पटत नाही.

पत ही एकट्याची कमाई नसते. आपल्या मुलास परगावी केवळ आडनावावरून खोली मिळते, उधार मिळते, नोकरी मिळते, तेव्हा तो पूर्वजांच्या ठेवीवरचे व्याज खात असतो. मुद्दल कोणी जोडले आणि कसे जोडले, हे पाहण्याचे साधन म्हणजे घरातील जुनी वही.

आपल्या घरातील त्या वह्यांत काय आहे? विहीर बांधल्याचा खर्च असेल, मुलीच्या लग्नाचे कर्ज असेल, दुष्काळात वाटलेले धान्य असेल. आणि अंगठा उठवून घेतलेले एखादे गहाणखत, फिटूनही फिटले नाही असे एखादे कर्ज, वर्षभर राबलेल्या गड्याच्या हातावर पडलेली एखादी साराच्या पेनीसारखी मजुरीही असेल. पहिली पाने आपण स्मरणिकेत छापू. दुसरी पाने वाचून आपली मान खाली जाईल. तरीही ती फाडू नयेत, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे. ज्या घराण्याने ते कर्ज फेडले त्याची मुलेबाळे आजही गावात असतील. वूलमनला साडेचार वर्षांची बाकी दिसली. आपणांस काय दिसते ते प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे.

क्वेकरांची कागदपत्रे आज लंडनच्या फ्रेंड्स हाउसच्या ग्रंथालयात आणि अमेरिकेतील हॅवरफर्ड व स्वार्थमोर येथील महाविद्यालयांत जतन केलेली आहेत. यांतील स्वार्थमोर महाविद्यालयाचे नाव सारा फेलच्या वाड्यावरूनच ठेवलेले आहे. एका मुलीने रोज संध्याकाळी पेन्सांचा हिशेब लिहिला, त्याचे हे फळ. आपल्या संस्थेने इमारत बांधावी, वसतिगृह चालवावे, हे सर्व व्हावेच. त्याबरोबर एक कोरडी खोली आणि एक लोखंडी कपाट सभासदांच्या घरातील जुन्या वह्यांसाठी राखून ठेवावे, मोडी वाचणाऱ्या चार वृद्धांस तेथे सन्मानाने बसवावे आणि त्यांच्या शेजारी चार तरुण मुलामुलींस शिकण्यास बसवावे, एवढी विनंती आम्ही कार्यकारी मंडळास करतो. आणि संस्थेचा स्वतःचा जमाखर्च, जो या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर बारीक टाइपात छापला जातो, तो सर्व सभासदांनी घरी नेऊन प्रथम वाचावा. ज्या दिवशी तेथील एखाद्या रकमेविषयी सभेत प्रश्न विचारला जाईल आणि विचारणाऱ्यावर कोणी रागावणार नाही, त्या दिवशी वहीपूजन खऱ्या अर्थाने झाले असे आम्ही समजू.